उन्हाळ्याचा पहिला तोडा: काढणी, साठवण आणि कीड यांविषयी घरच्या बागेतील अनुभव

उन्हाळा लागला की घरच्या बागेत तीन कामे एकदमच अंगावर येतात. शेंगा, काकड्या आणि टोमॅटो यांचा पहिला भरघोस तोडा सुरू होतो, तो सगळा ताजा खाऊन संपत नाही म्हणून टिकवण्याची धावपळ करावी लागते, आणि नेमक्या याच दिवसांत मावा, कोळी आणि फळमाशी यांची संख्याही झपाट्याने वाढते. माझ्या मते ही तीन कामे वेगळी नाहीतच. तोडणी लांबली की जून फळांवर कीड ठाण मांडते, आणि किडलेले फळ बरणीत गेले की साठवणही बिघडते. म्हणून तिन्हींविषयी एकत्र लिहावे अशी बागकाम करणाऱ्या सर्वांना विनंती आहे; खाली ताऱ्याच्या खुणेने एकेकाचे लिखाण वेगळे केले आहे. झाड कुंडीत असो वा वाफ्यात, जे स्वतः केले आणि पाहिले तेच लिहावे, आणि शक्य असेल तिथे त्यामागचे कारणही द्यावे, कारण नुसती कृती दुसऱ्याच्या बागेत जशीच्या तशी लागू पडतेच असे नाही.

*

सुरुवात शेंगांपासून करते. फरसबी असो वा वाटाणा, बी पक्के झाले की वेलाचे काम संपते. चार शेंगा जरी वेलावर जून होऊ दिल्या, तरी नवी फुले कमी होऊ लागतात. त्यामुळे मी बहर असताना एक दिवसाआड तोडणी करते आणि तीही पानांवरचे दव पूर्ण वाळल्यावरच, कारण ओल्या पानांमध्ये हात घातला की तांबेरा आणि जिवाणूजन्य करपा एका वेलावरून दुसऱ्यावर आपणच पोहोचवतो. फरसबीची शेंग वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे आणि आतले दाणे बाहेरून उठून दिसता कामा नयेत. वाटाण्याला तर तोडल्यापासून काही तासांचीच मुदत असते. त्यातील साखरेचे पिष्ट (स्टार्च) होऊ लागते आणि संध्याकाळपर्यंत गोडी उतरल्याचे जिभेला कळते.

फ्रीझरमध्ये ठेवण्यापूर्वी शेंगा उकळत्या पाण्यातून काढणे मला अत्यावश्यक वाटते. थंडीमुळे शेंगांतल्या विकरांचे (एन्झाइमांचे) काम मंदावते, थांबत नाही. म्हणून कच्च्या गोठवलेल्या शेंगांना काही महिन्यांत वाळक्या गवतासारखा वास येतो आणि हिरवा रंग मळकट होतो. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यावे आणि शेंगा थोड्या थोड्याच टाकाव्यात, म्हणजे मिनिटभरात पुन्हा उकळी येते. ती आल्यापासून वेळ मोजावी: फरसबीला ३ मिनिटे, सोललेल्या वाटाण्याला दीड मिनिट. लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवावे, नाहीतर शेंगा आतल्या आत शिजत राहतात. त्यानंतर कापडावर पसरून पूर्ण कोरड्या कराव्यात, ताटात एका थरात गोठवाव्यात आणि मगच पिशवीत भराव्यात. एका थरात गोठवल्याने दाणे लवकर गोठतात, बर्फाचे स्फटिक लहान राहतात आणि पेशी कमी फाटतात. फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असले, तर पुढच्या हंगामापर्यंत चव चांगली राहते.

*

मी फक्त कांदा आणि लसूण यांविषयी लिहितो. लसणाची खालची एक तृतीयांश पाने वाळली की काढणीची वेळ झाली असे समजावे. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी बंद करतो. उशीर झाला तर वरची साल फाटून पाकळ्या सुट्या होतात आणि असा लसूण टिकत नाही. कांद्याच्या निम्म्या रोपांच्या माना पडल्या की तो काढावा. दोन्ही पिके न धुता, नुसती माती झटकून, सावलीत आणि वाहत्या हवेत दोन-तीन आठवडे पातीसकट सुकवतो. मान बोटांत दाबून ओलसर लागली, तर सुकवण अपुरी आहे. जाड मानेचे कांदे वेगळे काढून आधी संपवावेत, कारण कूज बहुधा मानेतूनच आत शिरते. बटाट्यांजवळ कांदे ठेवू नयेत. बटाट्यांच्या ओलाव्याने त्यांना कोंब फुटतात.

*

मला माव्याविषयी सविस्तर लिहायचे आहे, कारण घरच्या बागेत सर्वांत जास्त घाईने औषध मारले जाते ते याच किडीवर. ऊबदार दिवसांत माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देतात, आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. म्हणूनच मिरचीचा काल स्वच्छ दिसलेला शेंडा आठवडाभरात चिकट होतो. पण फवारणीचा पंप हातात घेण्याआधी पान उलटून भिंगातून पाहावे. हिरव्या गर्दीत मधूनच काही मावे फुगलेले, तांबूस तपकिरी आणि कोरड्या कागदासारखे दिसतात, आणि त्यांतल्या काहींच्या पाठीवर नीट कापलेले गोल भोक असते. परजीवी गांधीलमाशीने माव्याच्या अंगात अंडे घातलेले असते, तिची अळी त्याला आतून खाऊन मोठी होते आणि प्रौढ माशी त्या भोकातून बाहेर पडते. असे पोकळ मावे दिसू लागले की माझ्या बागेत मी काहीही फवारत नाही. पुढचे काम त्या माश्या करतात.

मावा खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळीही ओळखून ठेवावी. लांबट, काळसर, अंगावर नारिंगी ठिपके असलेली ही अळी प्रौढ किड्यासारखी मुळीच दिसत नाही, त्यामुळे लोक तिलाच कीड समजून चिरडतात. या किड्याचे सामर्थ्य केवढे असते याचा मोठा दाखला १८८८-८९ सालचा आहे. ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेलेल्या रोडोलिया या ढालकिड्याने तेथील संत्र्या-लिंबांच्या बागा उद्ध्वस्त करणारी खवले कीड फार थोड्या काळात आटोक्यात आणली होती.

मित्रकीटक दिसत नसतील, तर पहिला उपाय पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा. खाली पडलेले बहुतेक मावे परत चढू शकत नाहीत. तरीही आटोक्यात आले नाहीत, तर १ लिटर पाण्यात १० मिलिलिटर पोटॅशियमयुक्त मऊ साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. भांडी घासण्याचे द्रावण वापरू नये, त्याने पाने करपतात. साबण अंगावर पडला तरच कीड मरते आणि वाळल्यावर त्याचा परिणाम उरत नाही, त्यामुळे चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहावे लागते. आधी एका पानावर फवारून एक-दोन दिवस वाट पाहणे चांगले. मुंग्यांकडेही लक्ष द्यावे, कारण माव्याने सोडलेल्या गोड द्रवाच्या लोभाने त्या त्याची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. शिवाय नत्राचे खत सढळ हाताने दिलेल्या कोवळ्या, लुसलुशीत वाढीवर मावा अधिक येतो.

*

वरच्या अनुभवाला जोडून लाल कोळ्याविषयी थोडेसे. हा कीटक नसून आठ पायांचा कोळीवर्गीय जीव आहे. उष्ण, कोरड्या आणि धुळकट जागी तो फोफावतो. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले की पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. हलणारे बारीक ठिपके दिसले तर कोळी आहे. पानांची खालची बाजू दोन-तीन दिवसांआड पाण्याने धुणे आणि झाडाला पाण्याचा ताण पडू न देणे, एवढ्याने सुरुवातीचा प्रादुर्भाव आटोक्यात राहतो. सरसकट सगळे कीटक मारणारी औषधे वापरली, तर कोळी खाणारे जीव मरतात आणि कोळी उलट वाढतो.

*

टोमॅटो पूर्ण लाल होईपर्यंत झाडावर ठेवण्याचा आग्रह मी सोडून दिला आहे. तळाशी पहिली गुलाबी छटा आली की फळाचे पुढचे पिकणे झाडावाचूनही नीट होते, आणि तोवर ते पाखरे, फळ पोखरणारी अळी आणि अवेळी पावसाने तडकणे या तिन्हींपासून वाचलेले असते. उन्हाळ्यात याला आणखी एक कारण आहे. तापमान ३० अंशांच्या वर राहू लागले की लाल रंग देणारे लायकोपीन नीट तयार होत नाही आणि फळ नारिंगीच राहते; घरातल्या सावलीत तेच फळ छान रंगते. तळाशी काळा, चामड्यासारखा चट्टा पडला, तर तो कीड किंवा बुरशी नसून फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याचा परिणाम असतो, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा अनियमित पाण्यात असते. तिथे फवारणीने काही साधत नाही. आच्छादन आणि नियमित पाणी हाच उपाय.

बरणीत टिकवण्याविषयी मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. हवाबंद बाटलीत अन्न तापवून टिकवण्याची पद्धत निकोला अपेर या फ्रेंच माणसाने १८१० साली ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा अन्न का टिकते हे कोणालाच ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे, त्यामुळे अंदाजाने काम करण्याचे कारण उरलेले नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्याने मरत नाहीत आणि हवाबंद, कमी आंबट अन्नात ते वाढून घातक विष तयार करतात. सामू (आंबटपणाचे माप, पीएच; जितका कमी तितके अन्न आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल, तर त्यांची वाढ होत नाही. टोमॅटो नेमका या सीमेवर असतो. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बरणीत १ मोठा चमचा बाटलीबंद लिंबूरस किंवा पाव छोटा चमचा सायट्रिक आम्ल घालूनच ती उकळत्या पाण्यात ठेवावी. ताज्या लिंबाची आंबटता कमीजास्त असते, त्यावर भरवसा ठेवू नये. उंच जागी पाणी कमी तापमानाला उकळते, तिथे वेळ वाढवावा लागतो. शेंगा, वाटाणा आणि मका यांसारख्या आंबट नसलेल्या भाज्या साध्या उकळत्या पाण्याच्या पद्धतीने बरणीबंद करूच नयेत. त्यांच्यासाठी फ्रीझर किंवा बरणीबंद करण्यासाठीच बनवलेले दाबाचे भांडे हवे. झाकण फुगलेली बरणी चाखूनही पाहू नये.

*

दादा, बरणीतल्या धोक्याविषयी आपण हे लिहिले ते फार बरे झाले. त्यात एक भर घालते. सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत याच कारणाने धोक्याची आहे, कारण तेलाखाली हवा नसते आणि लसणात आंबटपणा नसतो. असे तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे, एरवी लसूण वाळवून ठेवावा.

*

काकडी आणि तिच्या वर्गातील वेलांवर फळमाशी हाच माझा मुख्य प्रश्न असतो. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. त्या जागी टाचणीच्या टोकाएवढा डाग पडतो, कधी त्यातून चिकाचा पारदर्शक थेंब येतो आणि पुढे फळ तिथे वाकडे होत जाते. आत अळी शिरल्यावर कोणतीच फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून परागीभवन होऊन फूल कोमेजले की लगेच फळावर कागदी किंवा पातळ कापडी पिशवी बांधतो. किडलेली फळे खतात टाकत नाही, कारण पूर्ण वाढलेली अळी मातीत उतरून कोष करते. ती फळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवतो. क्यूल्युअर या नरांना खेचणाऱ्या गंधद्रव्याचे कामगंध सापळे मी लावतो, मात्र त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे केवळ सापळ्यावर विसंबून राहू नये.

कोवळ्या काकड्या मिठाच्या पाण्यात आंबवतो. १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ घेतो. फुलाकडचे टोक पातळ कापून टाकतो, कारण तिथल्या विकरांमुळे काकडी लिबलिबीत होते. काकड्या सतत पाण्याखाली राहिल्या पाहिजेत, त्यासाठी वर वजन ठेवतो. दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात आणि पाणी गढूळ होते, ते लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचे काम आहे. पृष्ठभागावर पांढरा पातळ पापुद्रा आला तर तो काढून टाकावा. मात्र रंगीत, केसाळ बुरशी दिसली तर सगळी बरणी टाकून द्यावी.

*

काकडीच्याच पानांवरील भुरी या पांढऱ्या बुरशीरोगासाठी १ भाग दूध आणि ९ भाग पाणी हे मिश्रण आठवड्यातून एकदा फवारते. ब्राझीलमध्ये झुकिनीवर (काकडीच्या वर्गातील फळभाजीवर) झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा उपाय प्रभावी ठरला होता. रोग दिसायला लागताच सुरुवात करावी; पूर्ण पांढरे झालेले पान काढून टाकणेच योग्य.

*

झेंडूविषयी थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म कृमी) झेंडूमुळे कमी होतात हे खरे आहे, परंतु त्यासाठी पीक घेण्याआधी संपूर्ण वाफ्यात दाट झेंडू लावून तो काही महिने वाढू द्यावा लागतो. टोमॅटोशेजारी दोन रोपे लावून सूत्रकृमींवर फारसा परिणाम होत नाही. ती रोपे मधमाश्यांसाठी जरूर लावावीत.

*

शेवटी वाळवण्याविषयी. पुदिना, ओवा किंवा बेझिल फुलोरा येण्याच्या बेतात असताना पानांत सुगंधी तेल भरपूर असते, तेव्हा सकाळी कापतो आणि सावलीत वाळवतो. उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात. कापताना मावा किंवा कोळी दिसलेल्या काड्या बाजूला काढतो, आणि आधी काही फवारले असेल तर लेबलावर दिलेली मुदत संपल्याशिवाय कापणी करत नाही. पान चुरगळल्यावर कुरकुरत फुटले पाहिजे. बरणी भरल्यावर पहिला आठवडा रोज पाहावी, आणि आतून काचेवर ओल धरलेली दिसली तर सगळी पाने पुन्हा पसरून वाळवावीत.