मदत हवी आहे: रेसिडेंट-इंट्रूडर चाचणीत नर रॅट धमकावतात, पण हल्ला करत नाहीत

या चाचणीत पिंजऱ्यात राहणाऱ्या नरासमोर (रेसिडेंट) परका नर (इंट्रूडर) सोडून आक्रमकता मोजतात. रेसिडेंट म्हणून 4 महिन्यांचे लाँग-इव्हान्स जातीचे नर घेतलेत. प्रत्येकासोबत आठवडाभर एक मादी, पिल्लं होऊ नयेत म्हणून बीजवाहिनी बांधलेली. या काळात भुसा बदललेला नाही, नाहीतर वासाच्या खुणा जातात आणि त्यांबरोबर पिंजऱ्यावरचा हक्कही. चाचणीच्या 1 तास आधी मादी बाहेर, मग वजनाने जरा हलका, अनोळखी विस्टार जातीचा नर आत. 10 मिनिटं, अंधाराच्या सत्रात, लाल दिव्याखाली चित्रण.

केस उभारणं, आडवं होऊन कुशीने रेटणं भरपूर दिसतं. चावून झटापट मात्र मोजक्याच नरांत. विस्टार पटकन उताणा होतो नि प्रकरण तिथेच थंड.

पहिला संशय पिंजऱ्यावर. नेहमीचाच, लहान पॉलिकार्बोनेटचा आहे, आणि या चाचणीत रॅटसाठी सुमारे अर्धा चौरस मीटर तळ सुचवला जातो. पळायला जागाच नसेल तर पाठलाग कुठून होणार?

दुसरा घोळ नोंदीचा. खेळातल्या झटापटीचा रोख मानेच्या मागच्या बाजूवर असतो, खऱ्या हल्ल्याचा पाठीच्या खालच्या भागावर आणि कुशीवर. चित्रण पाहणारे दोघं इथेच हमखास वेगळे आकडे देतात.

ज्यांनी ही चाचणी बसवली आहे त्यांनी सांगा: नुसता पिंजरा मोठा केल्याने पहिल्या हल्ल्यापर्यंतचा वेळ कमी झाला का? मुख्य प्रयोगाआधी 3-4 सराव-सामने पुरतात का? आणि जखम दिसताच थांबवलेला सामना आकडेमोडीत कसा धरता? ‘रॅटची जात बदला’ हा सल्ला शेवटी ठेवा; नीतिशास्त्र समितीची मंजुरी याच जातीसाठी आहे.