मदत हवी आहे: मेडिकल उपकरणांच्या कंपनीत शिरायचंय. सर्व्हिस घेऊ, क्वालिटी घेऊ, की कोर्स करू?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी यंदा पूर्ण झाली, घर अमळनेरला. मेडिकल उपकरणांच्या क्षेत्रातच राहायचं हे नक्की आहे. समोर तीन वाटा आहेत.

एक, जळगावच्या डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर. पेशंट मॉनिटर, ईसीजी, डिफिब्रिलेटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. पगार १४ हजार, पेट्रोल वेगळं. दोन वर्षांचा बाँड आहे आणि मूळ मार्कशीट जमा करायला सांगतात.

दोन, दक्षिण गुजरातेत कॅथेटर आणि ट्यूबिंगचा कारखाना. क्वालिटीत (गुणवत्ता तपासणीत) ट्रेनी, १७ हजार, जेवण कँटीनमध्ये, खोली आपली आपण बघायची.

तीन, पुण्यातला सहा महिन्यांचा 'बायोमेडिकल' कोर्स. फी ८५ हजार, 'प्लेसमेंटची हमी'.

चार-पाच वर्षांनी रेग्युलेटरीकडे (सरकारी परवाने-मंजुरीच्या कामाकडे) किंवा डिझाइनकडे वळायची इच्छा आहे. कोणती वाट धरू, आणि मुलाखतीसाठी नेमकं काय वाचू? घरचे बँकेची परीक्षा दे म्हणतात, ते सोडून सांगा.

वाघूर

ताई, तिसरी वाट आधी खोडा. ८५ हजार म्हणजे पहिल्या नोकरीचा सहा महिन्यांचा पगार. आणि हमीची प्लेसमेंट बहुतेक वेळा अशाच एखाद्या डीलरकडची असते, जी तुम्हाला आत्ता फुकट मिळतेय. उपकरण दुरुस्त करायला त्या सर्टिफिकेटची कायद्यात कुठे अट नाही.

आता डीलरकडची नोकरी. हो म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा. कोणत्या कंपनीची अधिकृत डीलरशिप आहे आणि ती कंपनी स्वतः ट्रेनिंग देते का? सर्व्हिस मॅन्युअल आणि सर्व्हिस मोडचा पासवर्ड इंजिनिअरच्या हातात असतो का? टेस्टिंगची साधनं आहेत का, म्हणजे किमान पेशंट सिम्युलेटर, डिफिब्रिलेटर ॲनालायझर आणि इलेक्ट्रिकल सेफ्टी ॲनालायझर? हॉस्पिटलांशी करार एएमसीचे (वार्षिक देखभाल, सुट्या भागांचे पैसे वेगळे) जास्त की सीएमसीचे (सर्वसमावेशक देखभाल)? सीएमसीत सुटे भाग कराराच्या पैशांतच द्यावे लागतात. तिथे खर्च वाचवायला कार्ड बदलण्याऐवजी जुगाड करायचा दबाव सर्व्हिसवाल्यावर येतो. साधनं नसतील तर दोन वर्षं फक्त फ्यूज आणि केबल बदलण्यात जातील, मशीन कळणार नाही.

साधनं असतील तर मात्र ही शाळा चांगली आहे. काम कसं शिकायचं त्याचा नमुना देतो.

ईसीजीत जाड थरथरती रेघ येतेय, ५० हर्ट्झची गुणगुण. कागदाचा वेग २५ मिमी प्रति सेकंद आणि १ मिलिव्होल्टला १० मिमी उंची, हे आधी तपासा. मग कोणत्या लीडमध्ये गुणगुण आहे ते बघा. लीड १ म्हणजे डावा हात उणे उजवा हात, लीड २ म्हणजे डावा पाय उणे उजवा हात, लीड ३ म्हणजे डावा पाय उणे डावा हात. १ आणि २ खराब पण ३ स्वच्छ असेल, तर दोष उजव्या हाताच्या इलेक्ट्रोडमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. तिन्ही खराब असतील तर उजव्या पायाचं इलेक्ट्रोड बघा, तो संदर्भाचा असतो. मग मशीन बॅटरीवर घ्या. गुणगुण गेली तर संशय सप्लायवर आणि अर्थिंगवर. राहिली तर इलेक्ट्रोड, केबल किंवा खाटेजवळून गेलेली वायरिंग.

अर्थिंगचा मुद्दा आपल्याकडे विशेष. मे महिन्यात तापीकाठची काळी माती भेगाळते, अर्थ पिटमधला ओलावा जातो आणि रोधकता वाढते. जूनच्या पहिल्या पावसापर्यंत 'मशीनमध्ये दोष आहे' अशा तक्रारी येत राहतात, दोष असतो खड्ड्यात. सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजा. ते २-३ व्होल्टच्या वर गेलं की मशीन उघडण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दुसरी स्थानिक गोष्ट म्हणजे उन्हाळा. बऱ्याच उपकरणांची कामाची कमाल मर्यादा ४० अंश लिहिलेली असते आणि जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. कॉन्सन्ट्रेटरमधून साधारण ९३ टक्के ऑक्सिजन यायला हवा. फिल्टर धुळीने बसला आणि खोली तापली की कॉम्प्रेसर गरम होतो, शुद्धता उतरते आणि लाल दिवा लागतो. झिओलाइट (नायट्रोजन शोषून घेणारी चाळणी) बदलायची घाई करू नका. आधी फिल्टर, मग गळती, मग वॉल्व्ह, आणि सगळ्यात शेवटी चाळणी.

पांझराकाठ

वाघूर यांचं सर्व्हिसबद्दलचं म्हणणं बरोबर. पण प्रश्नकर्तीला रेग्युलेटरीकडे जायचंय. तसं असेल तर माझं मत सरळ कारखान्याच्या बाजूने. रेग्युलेटरी म्हणजे शेवटी कारखान्यातल्याच कागदांचा गठ्ठा तपासनिसासमोर ठेवणं. तो गठ्ठा कसा तयार होतो हे ज्याने पाहिलंय त्याला ते काम सोपं जातं.

दिशाही सोयीची आहे. अमळनेर तापी मार्गावर, नंदुरबारवरून उधना, पुढे वापी. या क्षेत्रातल्या दोन मोठ्या कंपन्या त्याच पट्ट्यात आहेत, सुरतेत सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज आणि वापीत मेरिल. पुण्याच्या बाजूला फिलिप्सचं चाकणला केंद्र आहे, पण तिथे अनुभव मागतात. ट्रेनी म्हणून शिरायला गुजरात जवळचं.

निर्जंतुक कॅथेटर बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीवाल्यासमोर काय येतं ते सांगतो.

क्लीनरूम बहुधा आयएसओ क्लास ७ किंवा ८ ची. क्लास ८ मध्ये एका घनमीटरला अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे ३५,२०,००० कण चालतात, क्लास ७ मध्ये ३,५२,०००. सर्वांत जास्त कण माणूसच सोडतो, म्हणून टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे यांचा क्रम पक्का असतो. तो क्रम मुलाखतीत विचारतात.

मग पाउच सीलिंग. तापमान, दाब आणि वेळ या तिघांवर सील ठरतं. जबडा थंड असेल तर सीलमध्ये बारीक नाळ राहते. ती डोळ्याला दिसत नाही, रंगद्रव्य टाकून तपासतात. जबडा जास्त तापला तर सील मजबूत होतं खरं, पण नर्सने पाउच उघडताना टायव्हेकचे (पाउचच्या कागदासारख्या बाजूचे) तंतू फाटून निर्जंतुक जागेत पडतात. म्हणजे 'जितकं घट्ट तितकं चांगलं' हे इथे चुकीचं आहे. नवीन मुलं हमखास इथे अडकतात.

पुढे इथिलीन ऑक्साइडचं निर्जंतुकीकरण, मानक आयएसओ ११३३५ नव्हे, १११३५. (हा आकडा मुलाखतीत चुकवू नका, घाईत असाच उलटतो.) तापमान, आर्द्रता, वायूचं प्रमाण आणि वेळ, हे चार घटक. जंतू मेले की नाही ते बॅसिलस ॲट्रोफेयसच्या बीजाणूंच्या पट्टीवर बघतात. उद्दिष्ट असं की दहा लाखांत एकापेक्षा जास्त नग अनिर्जंतुक राहण्याची शक्यता नसावी. मग हवा खेळती ठेवून उरलेला वायू काढतात, कारण तो विषारी आहे. चोवीस तासांच्या आत वापर संपणाऱ्या उपकरणात तो ४ मिलिग्रॅमच्या वर राहता कामा नये. बॅच नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खोकी इतकी ठासून रचलेली की मधल्या खोक्यांपर्यंत ओलावाच पोचत नाही.

आता मुलाखतीतला सर्वांत आवडता प्रश्न, करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शन यांतला फरक. समजा ४० पाउचचं सील सुटलं. ते ४० बाजूला काढणं म्हणजे करेक्शन. शेवटची तपासणी बरोबर निघाली तिथपासूनचा सगळा माल अडवणं म्हणजे कंटेनमेंट. कारण शोधलं तर जबड्यातला थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) सरकलेला, पडद्यावर १४० अंश आणि प्रत्यक्षात १२५. कॅलिब्रेशनची मुदत वर्षावरून तीन महिन्यांवर आणणं आणि रोज सकाळी एक नमुना सील ओढून बघणं म्हणजे करेक्टिव्ह ॲक्शन. आणि दोन-तीन महिन्यांनी आकडे बघून ते लागू पडलं का तपासलं तरच फाइल बंद. 'ऑपरेटरला समज दिली' हे उत्तर दिलं की मुलाखत तिथेच संपते. ऑडिटही.

बोरीकाठ

खूप आभार दोघांचे. दोन शंका. रेग्युलेटरीसाठी वाचायचं कुठून सुरू करू, फॉर्मची नावंच डोक्यावरून जातात. आणि बाँडचं काय? मैत्रिणी म्हणतात बाँड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर.

केळीचा_घड

मैत्रिणींचं ऐकू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेचा, २ लाखांचा बाँड वैध ठरवलाय. तुमच्या डीलरचा बाँड तसाच टिकेल असं नाही. तिथे भरतीवर झालेला खर्च वगैरे मुद्दे होते. पण 'टिकतच नाही' हे खोटं. रक्कम किती, ती दर महिन्याला कमी होते का, आणि बदल्यात कोणतं ट्रेनिंग देणार, हे कागदावर घ्या. मूळ मार्कशीट मात्र कुणालाही देऊ नका. साक्षांकित प्रत पुरते. मूळच हवी म्हणून अडून बसतात, तर तीच तुमच्यासाठी उत्तर समजा.

आणखी एक परीक्षा. डीलरला विचारा, एमडी-४२ आहे का? उपकरणं विकायला ते नोंदणीपत्र लागतं, नाहीतर औषधविक्रीचा परवाना. दोन्ही नसेल तर उठून या. शिवाय सोनोग्राफी मशीन विकत असतील तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्याखाली नोंदणी नसलेल्या केंद्राला मशीन देणं गुन्हा आहे. 'मशीन इकडून तिकडे हलवून दे' असं तोंडी कुणी सांगितलं तर इंजिनिअरने करू नये. एक्स-रेचं काम असेल तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) नोंदणी आणि तुमच्या नावाचा टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा) मागा.

गिरणामाई

रेग्युलेटरीचं मी सांगते. सुरुवात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ पासून. सीडीएससीओच्या (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेच्या) संकेतस्थळावर फुकट आहेत. सगळं पाठ करायचं नाही. पहिलं, पहिल्या परिशिष्टातली वर्गवारी. दुसरं, पाचवं परिशिष्ट, म्हणजे क्वालिटी मॅनेजमेंट सिस्टिम. ते आयएसओ १३४८५ शी बरंच जुळतं, त्यामुळे मानक विकत घ्यायची घाई नको.

वर्ग चार, धोका वाढत जाईल तसे. जीभ दाबायची पट्टी ए, थर्मामीटर आणि रक्तदाबमापक बी, व्हेंटिलेटर सी, हृदयाची झडप डी. ए आणि बी चं उत्पादन राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, अर्ज एमडी-३, परवाना एमडी-५. सी आणि डी केंद्राकडे, अर्ज एमडी-७, परवाना एमडी-९. आयातीचा अर्ज एमडी-१४, परवाना एमडी-१५. निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या ए वर्गाला परवान्याऐवजी नोंदणी पुरते. ए-बी ला परवाना १ ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीचा, सी-डी ला १ ऑक्टोबर २०२३ पासून. त्यामुळेच अलीकडे छोट्या कारखान्यांनाही हे काम जाणणारी माणसं लागतात.

८५ हजारांच्या कोर्सऐवजी घरी एक फाइल करा. हातात धरायला एक साधं उपकरण घ्या, दंडाचा डिजिटल रक्तदाबमापक चालेल. आयएसओ १४९७१ (धोका व्यवस्थापनाचं मानक) च्या पद्धतीने पाच ओळींचा तक्ता करा: धोका, धोक्याची परिस्थिती, होणारी इजा, उपाय, उपाय लागू पडला याचा पुरावा. उदाहरणार्थ, वॉल्व्ह अडकला, पट्टा फुगलेलाच राहिला, दंडाचं रक्ताभिसरण थांबलं, उपाय म्हणजे ठरावीक दाबाच्या किंवा वेळेच्या पुढे गेल्यावर हवा सोडणारी स्वतंत्र यंत्रणा, पुरावा म्हणजे वॉल्व्ह मुद्दाम अडवून घेतलेली चाचणी. सूचनापत्रातली 'काळजी घ्या' ही ओळ उपायांत शेवटची, पहिली नाही. आधी डिझाइन बदल, मग संरक्षक यंत्रणा, मग सूचना. हा क्रम मानकातच आहे आणि बहुतेक फ्रेशर उलटा लिहितात.

सोबत एक टेस्ट शीट जोडा: हवेची गळती मिनिटाला ६ मिमी पाऱ्यापेक्षा कमी, दाबाची अचूकता अधिक-उणे ३ मिमी. प्रत्येक नोंदीला तारीख आणि सही, खाडाखोड एका रेघेने, व्हाइटनर नाही. ही चार-सहा पानं मुलाखतीला न्या.

वाटेबद्दल विचाराल तर पांझराकाठ म्हणतात तसंच, कारखाना. फक्त पहिल्याच वर्षी इनकमिंग (येणाऱ्या मालाच्या) तपासणीतच अडकवून ठेवतील, तिथून पॅकिंग व्हॅलिडेशन आणि तक्रार विभागाकडे बदली मागत राहा. आयक्यू, ओक्यू, पीक्यू (यंत्र नीट बसवलं, नीट चालतं आणि रोजच्या कामात टिकतं याचे अहवाल) लिहायला तिथेच मिळतं.

वाघूर

गिरणामाईंच्या फाइलला माझं अनुमोदन. पण ताई डिझाइनही म्हणाली होती, हे विसरू नका. डिझाइनला सर्व्हिसमधली माणसं चालतात, कारण मशीन कुठे फुटतं ते त्यांना ठाऊक असतं. तिथे आयईसी ६०६०१-१ (वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचं मानक) विचारतात. किमान गळती प्रवाहाचे आकडे लक्षात ठेवा: रुग्णाला जोडलेल्या बीएफ भागातून १०० मायक्रोॲम्पिअर, हृदयाशी थेट जोडलेल्या सीएफ भागातून १०. सीएफला इतकं कडक का, हा पुढचा प्रश्न असतो. त्वचेचा रोध मध्ये राहत नाही, म्हणून.

बोरीकाठ

गुजरातवाल्यांना होकार कळवला, मुलाखत गुरुवारी. रक्तदाबमापक घरात आजीचा आहे, त्याच्यावरच तक्ता करते. न्यायचं काय काय?

पांझराकाठ

फाइलच्या दोन प्रती, मार्कशीटच्या साक्षांकित प्रती, आधार, चार फोटो. पायात बंद बूट. प्लांट दाखवायला नेतील तेव्हा अंगठी, बांगड्या, घड्याळ, नेलपॉलिश नको, क्लीनरूमच्या दारातूनच परत पाठवतात. आणि आजीचा मापक उघडू नका, बाहेरूनच तपासा. त्यांना तो रोज लागत असेल.