एवढ्याशा गावात ग्रीक देवळासारखी बँक कशाला?

भटकभवानी:
इलिनॉयमध्ये ओहायो नदीकाठी ओल्ड शॉनीटाऊन आहे, वस्ती दोनशेच्या आत, अर्धंअधिक गाव ओसाड आणि मधेच ही भलीमोठी दगडी बँक, आपल्या मुंबईच्या टाऊन हॉलसारखे डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक पद्धतीचे खांब, बांधकाम १८३९ ते ४१. एवढा थाट कशासाठी? आणि खांब पाच कसे, चार नाहीतर सहा असतात ना?

निवांत_नाना:
तेव्हा ते एवढंसं नव्हतं हो. नदीवरचं बंदर, जवळच मिठागरं, सरकारी जमिनी विकायचं ऑफिस तिथेच, पैसा खेळायचा नुसता. थाट म्हणाल तर ती फिलाडेल्फियाची फॅशन. तिथे सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची इमारत १८२४ला झाली, वास्तुकार स्ट्रिकलंडने अथेन्सच्या पार्थेनॉन देवळावरून काढलेली, मग बाकीच्यांनाही तसंच हवं. गंमत म्हणजे शॉनीटाऊनची बँक ऑफ इलिनॉय १८४२मध्येच बुडाली, १८३७च्या मंदीने आधीच कंबरडं मोडलेलं. खांब बघून पैसे ठेवणाऱ्यांचं काय झालं असेल देव जाणे. नंतर वेगवेगळ्या बँका १९३०च्या दशकापर्यंत तिथेच होत्या. १९३७चा पूर आला आणि गावच उचलून उंचावर नेलं, म्हणून ओसाड.

चहाबाज:
थाटामागे कारण होतं ना. ठेवींना विमा नव्हता, बँक बुडाली की पैसे गेले, मग मॅनेजर लोकांना पटवणार कशाने, तर दगडाने. मिडवेस्टात दिसतात त्यातल्या बऱ्याच देवळं-बँका मात्र १९००नंतरच्या, कारण त्या वर्षी कायदा बदलून ३,०००पर्यंत वस्तीच्या गावात २५,००० डॉलर भांडवलावर नॅशनल बँक, म्हणजे केंद्र सरकारच्या परवान्याची बँक काढता यायला लागली, आधी ५०,००० लागायचे. शाखा उघडायला बहुतेक ठिकाणी बंदी किंवा अडथळे, म्हणून गावागणिक वेगळी बँक नि वेगळे खांब. कित्येकदा संगमरवर वाटतो तो चकचकीत टेराकोटा असतो बरं का. १९३० ते ३३मध्ये ९,०००च्या आसपास बँका बुडाल्या, मग १ जानेवारी १९३४पासून सरकारी विमा आला, सुरुवातीला २,५०० डॉलरपर्यंत. त्यानंतर असल्या देखाव्याची गरजच उरली नाही.

भटकभवानी:
भारी! पण पाच खांबांचं राहिलंच की.

निवांत_नाना:
नियमाने सम आकडाच हवा, नाहीतर खांब नेमका मधोमध, दारासमोर येतो. पण इटलीत पेस्टम या जुन्या ग्रीक वसाहतीत हेरा देवीच्या जुन्या देवळाला समोर नऊ आहेत, तेव्हा ग्रीकांनीही नियम मोडलाय. इथे पाचच का, ते बांधणारालाच ठाऊक. आणि हो, याच गावातल्या बँकेने शिकागोवाल्यांना कर्ज नाकारलं, म्हणे शिकागो फार लांब आहे, वाढायचं नाही, असा किस्सा तिकडे सांगतात. दंतकथा आहे, पण मला आवडते.