बीएमपी बदलताना तारीखही जपा

जागा वाचवायला सगळ्या बीएमपी (सहसा न दाबलेल्या, म्हणून मोठ्या चित्रफायली) सरसकट जेपेगमध्ये (थोडा तपशील गाळून लहान होणारा चित्रप्रकार), १०० पैकी ९० क्वालिटीला बदलून मूळ फायली उडवाव्यात, असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय. फोटोंपुरतं ठीक आहे. पण स्कॅन केलेली पत्रं, सातबारे, हस्तलिखितं यांना जेपेग लावू नका. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील गाळतं, त्यामुळे जिथे काळी शाई आणि पांढरा कागद भिडतात तिथे, म्हणजे नेमकं शिरोरेषेभोवती, करडी धूळ उठते. अशांसाठी पीएनजीच, म्हणजे काहीही न गाळता फाइल लहान करणारा चित्रप्रकार. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केलेलं ए-फोर पान बीएमपीत साधारण २६ एमबी होतं. पीएनजीत ते बरंच आटोपशीर होतं आणि एकही पिक्सेल बदलत नाही.

तारखेचा मुद्दा मात्र अजून कुणी काढलेला नाही. बीएमपीत एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच असलेली तारीख-वेळेसारखी नोंद, नसतं. चित्र कधीचं याचा एकमेव धागा बहुतेक वेळा फाइलची 'मॉडिफाइड' तारीख असते, आणि रूपांतर केलं की नव्या फाइलवर आजची तारीख चढते. आमच्या घरचे जुने स्कॅन मी केवळ या तारखांवरूनच वर्षवार लावू शकलो, म्हणून कळकळीने सांगतोय. इरफानव्ह्यू या चित्रं बघण्या-बदलण्याच्या सॉफ्टवेअरच्या बॅच रूपांतरात (अनेक फायली एकदम बदलण्याच्या सोयीत) मूळ तारीख-वेळ राखण्याचा पर्याय आहे, तो आधी टिक करा. आणि टिफ (एका फाइलमध्ये अनेक पानं ठेवू शकणारा चित्रप्रकार) फायली असतील तर एकेका फाइलमध्ये अनेक पानं नाहीत ना, हे उघडून बघा. जेपेगमध्ये एकच पान मावतं, बाकीची मागे राहतात. मूळ फायली त्यानंतरच काढा.