‘चेंजिंग लेन्स’ (Changing Lanes) : डॉयलही तितकाच दोषी

या सिनेमात सगळा दोष गॅव्हिनचा आणि डॉयल (सॅम्युएल जॅक्सन) बिचारा, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. गॅव्हिन (बेन ॲफ्लेक) अपघातानंतर कोरा चेक पुढे करून सटकतो, त्यामुळे डॉयल कोर्टात वीस मिनिटं उशिरा पोचतो आणि पोरांचा ताबा हातचा जातो. इथवर कबूल. पुढे गॅव्हिननं डॉयलची बँकेतली पत बुडवणं तर नीचपणाच. पण डॉयल गॅव्हिनच्या गाडीच्या चाकाचे नट ढिले करतो, तेव्हा? धावत्या गाडीचं चाक निखळताना माझ्या पोटात गोळा आला. जॅक्सननं डॉयल हा दारू सोडलेला, पण राग न सुटलेला, असा उभा केलाय. २००२ सालचा सिनेमा, आजही तितकाच अंगावर येतो.