9 व्होल्टनं रडवलं : गिटारच्या पिएझोसाठी घरी केलेला प्रीअँप जोरात वाजवलं की फरफरतो

पॅनेलवाला, वर्तकनगर

नमस्कार मंडळी. मी वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो, 23 वर्षं झाली. 440 च्या बसबारला कधी घाबरलो नाही, पण गेले तीन आठवडे 9 व्होल्टच्या बॅटरीनं रडवलंय.

मुलीची गिटार साधी, आत पिकअप (तारांच्या कंपाचा सिग्नल करणारा भाग) नाही. गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर तिला वाजवायचं होतं. म्हणून 27 मिलिमीटरची पिएझोची पितळी तबकडी, कंप झाला की वीज देणारी, बझरमध्ये असते ती, आणली आणि आतून ब्रिजच्या खाली चिकटवली. पहिल्या दोन तबकड्या सोल्डर करतानाच गेल्या. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकलं की वरची चांदी वायरसकट निघून येते. तिसरी टिकली. वायर काढून थेट साउंडवाल्याच्या मिक्सरच्या लाइन इनपुटला दिली. आवाज कसा आला म्हणाल, तर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून वाजवल्यासारखा. खर्ज नावालाही नाही. साउंडवाला म्हणाला, "काका, राहू द्या, माइक लावू." मुलगी काही बोलली नाही, पण मी पहिल्याच रांगेत होतो, तिचं तोंड दिसत होतं.

मग वाचलं की मध्ये बफर लागतो, म्हणजे मिक्सरचा भार तबकडीवर येऊ न देणारं छोटं सर्किट, प्रीअँप तो हाच. रविवार सोडून सुट्टी टाकली आणि दादरला बदलून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. जे 201 हा ट्रान्झिस्टर मागितला तर दुकानदार हसला. "खरा मिळणार नाही, खोटा हवा असेल तर देतो. हा घ्या, कॉलेजवाले हाच नेतात," म्हणून बीएफडब्ल्यू 10 दिला. तीन घेतले.

सर्किट असं : पिएझोतून 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ट्रान्झिस्टरच्या गेटला, म्हणजे सिग्नल आत जातो त्या पायाला. 100 किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून बॅटरीचे दोन भाग केले, त्या मधल्या बिंदूवरून 2.2 मेगओहमनं गेटला बायस, म्हणजे ठरावीक व्होल्टेज. ड्रेन थेट बॅटरीला. सोर्सला, म्हणजे सिग्नल बाहेर येतो त्या पायाला, 10 किलो ग्राउंडला आणि तिथूनच 10 मायक्रोनं आउटपुट. सगळं साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत.

खर्ज आला, खोटं कशाला बोलू. पण मुलगी बोटांनी हळू वाजवते तोवर ठीक, पिकनं जोरात स्ट्रम केलं की फर्र होतं, फाटक्या स्पीकरसारखं. शिवाय मागे गुणगुण आहेच. मीटरनं मोजलं : मधल्या बिंदूवर 4.5 व्होल्ट, गेटवर 3.7, सोर्सवर 8. गेटवर कमी का, लीकेज आहे का? ट्रान्झिस्टरला चार पाय आहेत, चौथा कशाचा ते कळेना म्हणून कापून टाकला. कोजागिरीला परत कार्यक्रम आहे. कुठे चुकलं?

ऐरोलीचा लॅबवाला

चौथा पाय कापलात हे वाचून चहा सांडला.

तो वरच्या धातूच्या टोपीचा पाय असतो, ग्राउंडला जोडायचा. टोपी हेच त्या ट्रान्झिस्टरचं शील्ड. तुम्ही ते अधांतरी सोडलंत, आणि गेटच्या शेजारी मेगओहममध्ये सगळं उघडं आहे, मग खोलीतली ट्यूबलाइटसुद्धा गाणं म्हणणार. प्लास्टिकच्या डबीचाही त्यात हात आहे.

गेटवरच्या 3.7 ची काळजी सोडा. तो दोष तुमच्या मीटरचा. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण 10 मेग असतो. तुमच्या 2.2 मेगमागे तो लागला की व्होल्टेजचे वाटे पडतात. 4.5 चे हिशोबानं 3.7 च यायला हवेत, बरोबर आलेत. तुमच्या पॅनेलमध्ये हे कधी जाणवत नाही कारण तिथे मीटरनं ओढलेला करंट कुणाच्या खिजगणतीत नसतो.

खरी भानगड सोर्सवरच्या 8 व्होल्टमध्ये आहे. बीएफडब्ल्यू 10 चा कटऑफ (गेट सोर्सपेक्षा जितके व्होल्ट खाली गेला की करंट थांबतो तो आकडा) मोठा असतो, डेटाशीटमध्ये 8 व्होल्टपर्यंत. म्हणजे सोर्स गेटपेक्षा बराच वर जाऊन बसतो. तुम्ही गेटला आधीच साडेचारवर चढवलंत, त्यावर हा आणखी साडेतीन चढला. बॅटरी 9 ची. वर जायला एकच व्होल्ट उरला. हळू वाजवलं की तेवढ्यात भागतं, स्ट्रम केलं की डोकं छताला आपटतं. जे 201 चा कटऑफ लहान असतो, त्याला हे मधल्या बिंदूचं सर्किट चालतं. तुम्ही सर्किट त्याचं घेतलंत आणि ट्रान्झिस्टर याचा.

उपाय फुकटचा आहे. 100 किलोचे दोन्ही रेझिस्टर काढून टाका. 2.2 मेगचं खालचं टोक सरळ ग्राउंडला. सोर्स आपोआप 4 च्या आसपास येऊन थांबेल, वरखाली दोन्हीकडे जागा. प्रत्येक नगाचा आकडा वेगळा निघतो, त्यामुळे तिन्ही लावून बघा आणि मध्यावर येणारा ठेवा.

पॅनेलवाला, वर्तकनगर

लॅबवाले, तुमच्या चहाचे पैसे देतो. पण एक कळलं नाही, बिनबफरचा खर्ज गेला कुठे? तबकडी तीच, तारा त्याच.

ऐरोलीचा लॅबवाला

तबकडी म्हणजे कपॅसिटरच. 27 मिमीची साधारण 20 नॅनोफॅरड भरते, तुमच्या मीटरवर असेल तर मोजून बघा. तिच्यापुढे मिक्सरचा 10 किलोचा लाइन इनपुट लावला की हायपास फिल्टर, म्हणजे खालचे स्वर अडवणारी चाळणी, तयार, कापण्याची जागा 800 हर्ट्झच्या जवळ. गिटारची जाड तार 82 हर्ट्झला, सगळ्यात बारीक मोकळी तार 330 ला. म्हणजे सहाच्या सहा मोकळ्या तारांचा मूळ स्वर कापला गेला आणि वरची खरखर तेवढी स्पीकरला पोचली. पत्र्याचा डबा तो हाच. 2.2 मेगला तीच जागा 4 हर्ट्झच्याही खाली जाते.

विकत_घ्या_सुखी_व्हा

एवढा उपद्व्याप कशाला? तयार पिकअप प्रीअँपसकट मिळतो, एका दिवसात घरी येतो.

पॅनेलवाला, वर्तकनगर

येतो ना. मग रात्री जेवण झाल्यावर मी काय करू?

कोपरखैरण्याचा साउंडवाला

काका, मी स्टेजच्या दुसऱ्या बाजूचा माणूस. वर सांगितलंय ते बरोबर आहे, पण 4 हर्ट्झपर्यंत उघडं ठेवलंत तर ताई गिटारवर कोपर टेकवेल तेही सबवूफरमधून धाप्पकन येईल. लाकडी स्टेजवर कोणी चाललं तरी येतं. आउटपुटचा 10 मायक्रो काढा, तिथे 0.22 मायक्रो लावा. 10 किलोच्या मिक्सरपुढे साधारण 70 हर्ट्झखालचं गळून जाईल, जाड तार शाबूत.

डबी धातूची घ्या. स्टेनलेस स्टीलला साधं सोल्डर धरत नाही, त्यावर वेळ घालवू नका. जॅकचा नट डब्याला घट्ट बसला की ग्राउंड झालंच. तबकडीची पितळी बाजू ग्राउंडला, पांढरी मधली बाजू सिग्नलला. उलटं केलंत तरी वाजतं, पण गुणगुण दुप्पट. आतली वायर शील्डची.

आउटपुटला स्टिरिओ जॅक लावा आणि बॅटरीचा निगेटिव्ह मधल्या रिंगला द्या. मोनो पिन आत गेली की रिंग आपोआप ग्राउंडला लागते, वेगळा स्विच नको. फक्त वाजवून झालं की पिन काढायची.

आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पावसात आपल्याकडची हवा माहितीये ना, सोल्डरच्या उरलेल्या फ्लक्सवर ओल धरली की गेटपाशी चर्रचर्र सुरू होतं, मग लोक ट्रान्झिस्टर बदलत बसतात.

पॅनेलवाला, वर्तकनगर

कोजागिरी झाली, म्हणून लिहितोय.

तिन्ही नग लावून बघितले. पाय कापलेल्याचा सोर्स 4.1 वर आला, पण तो बाद. दुसरा 2.6, तिसरा 3.9. तिसरा ठेवला, चौथ्या पायासकट. डब्यासाठी बायकोची वेलदोड्याची स्टीलची डबी घेतली. तिला भोक पाडण्याआधी विचारायला हवं होतं, तो विषय इथे नको. करंट मोजला, 0.4 मिलिअँपिअर. आमच्याकडे पॅनेलवरचा एक इंडिकेटर दिवासुद्धा याच्या कितीतरी पट खातो.

गच्चीवर 0.22 वालं लावून वाजवलं. फर्र नाही. गुणगुण थोडी आहे, पण ती लॅपटॉपच्या दोन पिनच्या चार्जरची निघाली. लॅपटॉपवर तानपुरा लावला होता, त्याचा चार्जर काढला की बंद. तारांचा आवाज अजून जरा प्लास्टिकी वाटतो, तबकडी बारीक तारांच्या बाजूला सरकवून बघणार आहे. साउंडवाला गणपतीतलाच होता. त्यानं मिक्सरवरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर केला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता माइकचा स्टँड उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी काढून बघितली तर 8.9. पिन रात्रभर आतच होती.