खांद्यातली गाठ: आधी हात, मग सुई
तासगावच्या बागायतदारांनी विचारलंय, द्राक्षाची विरळणी करून खांदे भरून येतात, तर ड्राय नीडलिंग, म्हणजे स्नायूतल्या गाठीत बारीक सुई टोचून घेणं, करावं का? आधी हातानेच बघा. मानेलगतच्या स्नायूतली दोरीसारखी ताठ गाठ चिमटीत धरून सोसेल इतकाच दाब ३० ते ६० सेकंद द्यायचा. बोटाखाली ती सैल पडत जाते. नाहीच सुटली तर सुई. ती ०.२५ ते ०.३० मिमी जाडीची, बिनऔषधाची. नेमकी लागली की स्नायू टचकन उडतो. पण इथे स्नायू चिमटीत उचलूनच टोचायला हवं, सरळ खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. नंतर धाप लागली, छातीत दुखलं, तर तडक दवाखाना गाठा! रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टोचणाऱ्याला आधीच सांगा. ठणका एक-दोन दिवस राहतोच.